पत्रकातलं सातवं वाक्य

निवृत्तीने कप हातात घेतला नाही.

“ठेवा सर तिथंच, कठड्यावर,” तो म्हणाला.

मी कप गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. आमचं घर तळमजल्यावर. गॅलरी संपली की लगेच सोसायटीची हिरवळ सुरू होते. निवृत्ती गांगुर्डे आमच्या सोसायटीचा माळी. त्याने पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवून गवतावर ठेवला, इकडेतिकडे पाहिलं, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि वाकून कपाला तोंड लावलं. एक घोट घेऊन तो सरळ झाला. पुन्हा वाकला.

“हात मातीचे आहेत का? नळ आहे की तिथे.”

“धुतलेत सर.”

“मग असा का पितोस?”

“असंच,” तो म्हणाला आणि हसला. त्याचं हसणं मला खरं वाटलं नाही. पण पुढे विचारायचं धैर्य माझ्यात नसतं. तिसऱ्या दिवशीही तो तसाच प्यायला, तेव्हा मात्र मी गॅलरीचं दार उघडून बाहेर आलो.

“निवृत्ती, हात दाखव बघू.”

त्याने जरा वेळ लावला. मग दोन्ही पंजे पुढे धरले. बोटं एकसारखी हलत होती. फार नाही, शिवणयंत्र चालू असताना फळीवर ठेवलेली टाचणी हलते, तेवढीच.

“कधीपासून?”

“दसऱ्यापासून. आधी औषध मारलं त्या दिवशी व्हायचं, दुसऱ्या दिवशी उतरायचं. आता उतरत नाई.”

“डॉक्टरांना दाखवलंस?”

“डॉक्टर काय म्हणंल? काम सोड म्हणंल.” त्याने पंपघराकडे मान वळवली. पंपघरामागच्या खोलीत तो आणि त्याची मुलगी कल्याणी राहायचे. बायको गावी, म्हाताऱ्या सासूसासऱ्यांजवळ. “काम सोडलं की खोली सोडायची. आणि पोरीची बारावी हाये सर.”

कल्याणीची बारावी मला माहीत होती. तिला रसायनशास्त्राची पुस्तकं मीच आणून देत होतो.

“कोणाला बोलू नका सर. मार्चपर्यंत. परीक्षा झाली की मीच सांगन कोतवाल साहेबांना.”

“नाही बोलणार.”

“बघा हां.”

“अरे, नाही म्हटलं ना.”

त्याने उरलेला चहा वाकून संपवला, कप नळाखाली विसळून कठड्यावर पालथा घातला आणि पंप पुन्हा पाठीवर चढवला.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. आयुष्यभर एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. वर्गावर कधी उभा राहिलो नाही, तरी नाशिकच्या आमच्या त्या छत्तीस घरांच्या सोसायटीत सगळे मला ‘सर’ म्हणायचे. मीही कधी दुरुस्त केलं नाही. मान कोणाला नको असतो? शिवाय दुरुस्त करायचं म्हणजे चारचौघांत बोलायचं, आणि ते मला कधीच जमलं नाही.

तीन इमारतींच्या मधोमध ती हिरवळ. सेक्रेटरी होते प्रल्हाद कोतवाल, वीजमंडळातून निवृत्त झालेले. हिरवळीवर त्यांचा जीव होता. सकाळी सहाला ते चपला हातात घेऊन तिच्यावरून अनवाणी चालायचे आणि कुठे लव्हाळ्याचं पातं किंवा पिवळं रानफूल दिसलं की जागेवरूनच हाक मारायचे, “निवृत्ती, हे काय उगवलंय रे?” मग निवृत्ती पंप भरायचा. तणाचं औषध, किड्यांचं औषध, गुलाबावरच्या माव्याचं औषध. आठवड्यातून दोनदा तरी अख्ख्या सोसायटीला तो गोडसर, डोक्यात जाणारा वास यायचा. शहरातल्या एका मंडळाच्या उद्यानस्पर्धेत आमच्या हिरवळीला सलग तीन वर्षं पहिलं बक्षीस होतं.

या वासाविरुद्ध उभ्या राहिल्या त्या नीलाताई सबनीस. दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. आवाज असा की वर बोलल्या तरी खाली आम्हाला कळावं. एका सकाळी त्या थेट आमच्या घरी आल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या,

“सर, मला तुमचं अक्षर हवंय.”

“अक्षर?”

“म्हणजे भाषा हो. मी लिहायला बसले की भांडण लिहिते. मला पत्रक काढायचंय. सोसायटीच्या आवारात नुसत्या शोभेसाठी विष मारायला बंदी. शेतात फवारतात त्याला निदान पोटाचं कारण आहे. इथे कशासाठी? एक पिवळं फूल उगवलं म्हणून? लहान मुलं लोळतात त्या गवतावर!”

“कोतवालांना आवडणार नाही,” मी म्हणालो.

“त्यांना आवडावं म्हणून काढत नाहीये. विशेष सभा बोलवायला सह्या जमल्यात. दहा दिवसांनी रविवारी सभा आहे. तुम्ही फक्त लिहा. बोलायचं माझ्याकडे.”

शेवटचं वाक्य ऐकून मी होकार दिला.

चार दिवस खपून मी पत्रक लिहिलं. जुन्या ओळखीवर कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन संदर्भ काढले. कोणतं द्रव्य मातीत किती दिवस राहतं, गांडुळांवर, मधमाश्यांवर काय परिणाम होतो, कोणत्या देशांतल्या नगरपालिकांनी अशी बंदी घातली आहे. सहा वाक्यांत सगळं बसवलं. एकही शब्द आधाराशिवाय लिहिला नव्हता.

नीलाताईंनी आमच्याच बैठकीत उभ्या उभ्या ते वाचलं.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. मग गप्प राहिल्या.

“काही चुकलंय का?”

“चुकलं काहीच नाही. तेच तर. सर, राग मानू नका, पण हे वाचून कोणी सभेला येणार नाही. गांडुळांसाठी रविवारची झोप कोण मोडतो? कोणाला तरी काहीतरी झालंय, इथे, आपल्यात, असं हवं. तुमच्या माहितीत आहे का कोणी? खोकला, पुरळ, काहीही?”

“नाही,” मी म्हणालो.

त्या गेल्या. मी टेबलाशी बसून राहिलो. खरं सांगायचं तर त्या पत्रकाचा मला अभिमान वाटत होता, आणि नीलाताईंची ती शांतता मला लागली होती. दुपारी मी पेन उचललं आणि सातवं वाक्य लिहिलं:

‘या औषधांशी रोज संपर्क येणाऱ्या एका कामगाराच्या हातांना त्यांमुळे कायमचा कंप सुटला असून, आज त्याला साधा चहाचा कपही धरवत नाही.’

मंदा, माझी पत्नी, भाजी निवडत होती. तिला वाचून दाखवलं. तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

“हा निवृत्तीच ना?”

“नाव कुठे घातलंय?”

“त्याला विचारलंत?”

“नावच नाही तर विचारायचं काय? आणि त्याच्याच भल्यासाठी आहे ना हे? औषध थांबलं तर हात त्याचेच बरे होतील.”

“मग विचारा की. समोरच तर आहे.”

निवृत्ती खरंच समोर होता. गुलाबाच्या वाफ्याशी उकिडवा बसून माती उकरत होता. मी गॅलरीत गेलो. त्याने मान वर करून “काय सर?” म्हटलं. मी म्हणालो, “काही नाही, ऊन बघत होतो.”

संध्याकाळी नीलाताईंना मी नवा कागद दिला. सातवं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं.

“सर! हे वाक्य! हे वाक्य ठराव पास करून देणार बघा.”

त्यांना ते कोणाबद्दल आहे हे कळलं होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं कपाटात लावून ठेवली. माझ्या वाक्याचं असं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं. त्या रात्री मला छान झोप लागली, हे मला लपवता येत नाही.

पत्रक छत्तीस घरांत गेलं. निवृत्ती मराठी सातवीपर्यंत शिकलेला. पण पत्रकं सदस्यांसाठी होती, पंपघरामागच्या खोलीत ते गेलं नाही. एवढी काळजी मी घेतली होती.

सभा रविवारी दहाला, खालच्या हॉलमध्ये. एरवीच्या सभांना दहाबारा डोकी असायची. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. खुर्च्या लावायला आणि चहा द्यायला अर्थातच निवृत्ती होता. त्याने एक युक्ती केली होती: चहाचे कप तो स्वतः देत नव्हता, ट्रे टेबलावर ठेवून “घ्या, घ्या” म्हणत होता. ट्रे उचलताना तो छातीशी घट्ट धरायचा. ते बघणारा तिथे मी एकटाच होतो.

नीलाताई उत्तम बोलल्या. लोक माना डोलवत होते. मग कोतवाल उठले. त्यांच्या हातात पत्रक होतं, आणि सातव्या वाक्याखाली लाल रेघ होती.

“सबनीस बाईंनी गांडुळांचं फार मनावर घेतलंय,” ते म्हणाले. लोक हसले. “घेऊ देत. पण हे एक वाक्य आहे, त्याबद्दल मला विचारायचंय. ‘एका कामगाराच्या हातांना कायमचा कंप सुटला असून.’ सर, हा कामगार कोण?”

मी उठलो नाही. बसल्या जागेवरून म्हणालो, “नाव दिलेलं नाही.”

“ते दिसतंय मला. पण आपल्याकडे औषध मारणारे कामगार किती? वॉचमन मारतो? का लिफ्टवाला मारतो?”

हॉलमध्ये पुन्हा हशा पिकला. मला त्या क्षणी उमगलं मी काय केलं होतं ते. पुस्तकांत नाव गाळलं की माणूस लपतो. छत्तीस घरं आणि एक माळी असलेल्या सोसायटीत नाव गाळून काहीच लपत नाही. इतकी साधी गोष्ट, मंदाला मेथी निवडता निवडता कळलेली, मला कळली नव्हती.

“निवृत्ती, इकडे ये रे,” कोतवालांनी हाक मारली.

तो पुढे आला. हात पाठीमागे.

“सरांनी लिहिलंय की आपल्या औषधानं तुझे हात कापतात. कप धरवत नाही म्हणे तुला. खरं आहे?”

निवृत्तीने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने छताकडे पाहिलं, जिथे पंखा फिरत होता.

“नाई साहेब,” तो म्हणाला. “हात चांगले हायेत.”

“झालं तर!” कोतवाल सभेकडे वळले. “ऐकलंत? मी काही कोणावर आरोप करत नाही. पण सर, तुमच्यासारख्या वाचलेल्या माणसानं असं वाटेल ते लिहून घरोघर वाटायचं? हे एक खोटं, तर बाकीच्या सहा वाक्यांवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नीलाताई पहिल्या रांगेतून मागे वळून म्हणाल्या, “सर, सांगा ना! तुम्ही कधी आधाराशिवाय लिहीत नाही. सांगा त्यांना!”

मला एवढंच म्हणायचं होतं: ‘माझी चूक झाली. ऐकीव होतं, खात्री न करता लिहिलं.’ चार शब्द इकडे, चार तिकडे. ठराव कदाचित पडला असता. पुन्हा आणता आला असता. निवृत्ती ट्रे घेऊन आत गेला असता आणि मार्चपर्यंत, वाकून का होईना, चहा पीत राहिला असता.

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते मला अजून शब्दशः आठवतं. पण छत्तीस घरांसमोर ‘मी खोटं लिहिलं’ असं म्हणायचं? मी? मी माझ्या चपलांकडे बघत बसलो. डाव्या चपलेचा अंगठा उसवला होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. पंख्याचा आवाज येत होता. मागे कोणीतरी घसा खाकरला.

“साहेब,” निवृत्तीचा आवाज आला. “सर खोटं नाई लिहीत.”

मी मान वर केली. त्याने दोन्ही हात पुढे काढले होते. सगळ्यांना दिसतील असे, खांद्याच्या उंचीवर धरले होते.

“कापतात हात. मी खोटं बोललो.”

हॉलमध्ये एकदम कालवा झाला. पुढच्या रांगेतल्या कुलथे काकू “अगं बाई गं” म्हणाल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. कोणी म्हणालं, “आणि या गवतावर आपली पोरं खेळतात?” कोणी म्हणालं, “बंद करा, आजच्या आज बंद करा.” ठराव मताला टाकला. बाजूने एकोणतीस, विरुद्ध चार. टाळ्या वाजल्या. नीलाताईंनी माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही जिंकवलंत!”

निवृत्ती रिकामे कप गोळा करत होता. आता तो ते एकेक करून उचलत होता आणि ते खुळखुळ वाजत होते.

आठ दिवसांनी कार्यकारिणीची बैठक झाली. सूचनाफलकावर इतिवृत्त लागलं, ते मी उभं राहून वाचलं. लिहिलं होतं: ‘संस्थेच्या माळ्याच्या हातांना औषधांमुळे कायमचा कंप सुटला असल्याचे विशेष सभेत निष्पन्न झाले आहे. पुढे त्याच्या प्रकृतीस काही झाल्यास त्याची जबाबदारी संस्थेवर येईल. सबब, त्याच्याच हितासाठी त्यास महिनाअखेर कामावरून मोकळे करण्यात यावे व बागेचे काम ठेकेदारास द्यावे. खोली रिकामी करून घ्यावी.’ ‘कायमचा कंप सुटला’ हे शब्द माझे होते. मी ‘कायमचा’ कशाच्या आधारावर लिहिलं होतं? आणि ‘त्यांमुळे’? त्याला कुठल्याच डॉक्टरने तपासलं नव्हतं. हात औषधाने कापत होते की आणखी कशाने, ते मला आजही माहीत नाही. पत्रकातली सहा वाक्यं मी ग्रंथ उघडून लिहिली, आणि ज्यावर एका माणसाची भाकरी होती ते सातवं अंदाजाने.

मी कोतवालांकडे गेलो. एकट्या माणसासमोर मला थोडं बोलता येतं.

“मार्चपर्यंत तरी ठेवा त्याला. मुलीची बारावी आहे.”

“सर, बसा,” कोतवाल म्हणाले. त्यांनी मला पाणी दिलं. “मी वाईट माणूस नाही हो. नऊ वर्षं आहे तो माझ्याकडे. मलाही वाईट वाटतंय. पण उद्या तो इथे पडला आणि कोणी वकील घेऊन आला तर? आपणच लेखी कबूल केलंय. तुम्हीच लिहिलंत ना?”

“मी... ते मी जरा अंदाजाने लिहिलं होतं.”

त्यांनी माझ्याकडे चांगलं निरखून पाहिलं.

“मग त्या दिवशी का नाही बोललात? मी तर तुम्हाला विचारत होतो. तीनदा विचारलं.”

मी पाणी पिऊन घरी आलो.

नीलाताई भांडल्या, त्यांनी पुन्हा सह्या जमवायला घेतल्या. पण विष बंद झालं होतं, लोकांचं काम झालं होतं. सात सह्या झाल्या. त्यातली एक माझी.

महिनाअखेरीला सकाळी निवृत्ती आमच्या दाराशी आला. टेम्पो फाटकाशी उभा होता. मी खिडकीतून पाहिलं आणि आतल्या खोलीत गेलो. मंदाला खूण केली की मी बाहेर गेलोय म्हणून सांग.

मंदाने दार उघडलं. तिचं बोलणं मला आत स्पष्ट ऐकू आलं.

“आहेत घरात. पण येत नाहीत म्हणतात.”

“राहू द्या ताई,” निवृत्ती म्हणाला. “निघालो म्हणून सांगायला आलो होतो. पोरगी पाया पडायची म्हणत होती.”

मंदाने कल्याणीच्या हातावर काहीतरी गोड ठेवलं असावं. डबा उघडल्याचा आवाज आला. दार लागलं. मंदा आत आली, माझ्याकडे न बघता पलंगपोस नीट केला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली.

जानेवारीत शेवटी तिनेच चौकशी करून पत्ता आणला. पिंपळगावच्या पलीकडे एका द्राक्षबागायतदाराकडे निवृत्ती बायकोसह कामाला राहिला होता. कल्याणी सिन्नरला मावशीकडे. “जाऊन या,” मंदा म्हणाली. “आणि या खेपेला बोला.”

मी एसटीने गेलो. फाट्यावर उतरून दोनेक किलोमीटर चाललो. वाटभर तयारी केली. काय म्हणायचं ते कागदावर लिहूनसुद्धा नेलं होतं; लिहिल्याशिवाय मला धीर येत नाही.

बाग मोठी होती. मांडवाखाली सगळीकडे मण्यांचे हिरवे घड लोंबत होते. टोकाला एक ट्रॅक्टर उभा होता, मागे औषधाची टाकी, तिला लांब नळी. नळी ज्याच्या हातात होती त्याने तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं. कपडे, पापण्या, केस, सगळं फिकट निळसर झालं होतं. जवळ जाईपर्यंत मी ओळखलं नाही. त्याने मला ओळखलं.

“सर? तुम्ही हिकडं कसे?”

त्याने ट्रॅक्टरवाल्याला हात केला. इंजिन थांबलं. एकदम सगळं शांत झालं. त्या वासाची मला चांगली ओळख होती, फक्त इथे तो दहापट होता.

“तू... हेच काम करतोस?”

“मंग? मालकाला फवारणीला माणूस मिळंना. ढगाळ वातावरण झालं की मण्यांवर भुरीची बुरशी येती, रोज मारावं लागतं.” त्याने उपरणं तोंडावरून खाली ओढलं. “खोली दिली. बायकोला डहाळे बांधायचं काम दिलं. बरं चाललंय.”

“आणि हात?”

“इथं हात कोणी बघत नाई सर. नळी धरता आली की झालं.”

मी खिशात हात घातला, कागदाची घडी बोटांना लागली. बाहेर काढली नाही.

“निवृत्ती, माझं चुकलं. तू सांगू नको म्हणाला होतास, मी लिहिलं. तुला विचारलं नाही.”

“त्याचं काई नाई,” तो म्हणाला. “तुम्ही बायांच्या, पोरांच्या भल्यासाठी लिहिलं. ते मला कळत होतं.”

“आणि सभेतही. मला म्हणता आलं असतं की हे मी खात्री न करता लिहिलं. एवढं म्हणालो असतो तर तू आज...”

निवृत्ती वेलीच्या एका घडाकडे बघत होता. त्यातला एक पिचलेला मणी त्याने खुडून टाकला. बोटं हलत होती, त्यामुळे दोनदा प्रयत्न करावा लागला.

“मी वाट पाहिली ना सर,” तो म्हणाला.

“कसली?”

“तुम्ही म्हणाल म्हणून. मी नाई म्हटलं ते त्याच्यासाठीच म्हटलं. म्हटलं, आता सर म्हणतील, चुकून लिहिलं बुवा. लोक हसतील थोडं, संपंल. लई वेळ वाट पाहिली.” त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. “मंग तुमचं तोंड पाहिलं. म्हटलं, सरांना नाई व्हायचं हे. उगं त्यांना लोकांसमोर काहून उभं ठेवायचं?”

बांधावरून बागायतदाराची हाक आली, “ए गांगुर्डे, ढग बघ वर! पाव्हण्याला चहाला ने, नाहीतर काम उरक!”

“आलो मालक, उरकतो,” तो ओरडला. मग मला म्हणाला, “घरी बायको हाये, चहा घेऊन जा. मला एवढी ओळ संपवू द्या.”

मी जागचा हललो नाही. मला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण ते कागदावरही नव्हतं. निवृत्तीने उपरणं पुन्हा नाकातोंडावर घेतलं, गाठ मारायला त्याला वेळ लागला. ट्रॅक्टर सुरू झाला. नळी फुगली. तो फवारा सोडणार तेवढ्यात थांबला, वर बघून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि कापऱ्या हाताने मला बांधाच्या पलीकडची जागा दाखवली.

“सर, तिकडं जा,” तो इंजिनाच्या आवाजावरून ओरडला. “तिकडून वारा हाये. इथं तुमच्या अंगावर येईल.”

मी तिकडे जाऊन उभा राहिलो.